कूस बदलण्याचे शास्त्र

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आईचा कंपवात बळावला होता. त्यात न्यूमोनिया झाला. तो आटोक्यात आला, पण आई अंथरुणाला खिळली ती खिळलीच. घरी आणल्यावर मुलगा म्हणून आणि डॉक्टर म्हणून मला जे जे सुचले ते मी केले. दवाखान्यात असतो तसा पलंग भाड्याने आणला. हवेची गादी आणली. माकडहाडाखाली ठेवायला रबराची फुगवायची रिंग आणली. टाचांखाली पाणी भरलेले हातमोजे गाठ मारून ठेवले. आईची देखभाल करणाऱ्या बाईंना रोज सकाळी पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायला शिकवले. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात मी उमेदवारीच्या दिवसांपासून हेच पाहत आलो होतो.

आमच्या वॉर्डाच्या परिसेविका, ज्यांना आम्ही सगळे नुसतेच ‘सिस्टर’ म्हणतो, एका रविवारी आईला भेटायला आल्या. चहा नंतर घेते, आधी आजींना बघते, म्हणाल्या. आईला हलकेच कुशीवर वळवले, माकडहाडावर हाताची मागची बाजू टेकवून क्षणभर थांबल्या आणि काही न बोलता ती रिंग काढून खुर्चीवर ठेवली. मग टाचांखालचे हातमोजे काढले.

“सर, ही रिंग कुणी सांगितली?”

“मीच.”

“आणि पाठ चोळायला?”

तेही मीच सांगितले होते. सिस्टर थोडे थांबून म्हणाल्या, “आपल्या वॉर्डात हे बंद करून किती वर्षं झाली, सर. तुमच्या राउंडला लक्षात आलं नसेल.”

बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. मग त्यांनी माझा हात धरून आईच्या माकडहाडावर ठेवला. आजूबाजूच्या त्वचेपेक्षा तेवढीच जागा कोमट लागत होती आणि बोटाखाली कणकेसारखी मऊ दबत होती. मी रोज आईची पाठ पाहत होतो. लाली दिसत नाही म्हणून निर्धास्त होतो. आईचा वर्ण सावळा. सावळ्या त्वचेवर ही सुरुवातीची लाली दिसत नाही, ती हाताने शोधावी लागते. माझ्या पाठ्यपुस्तकातली सगळी चित्रे गोऱ्या पाठींची होती.

तर हे शय्याव्रण, म्हणजे बोलीभाषेत बेडसोर. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांवर या पानावर पुष्कळ लिहिले जाते. मीही लिहिले आहे. पण ज्या घरात कुणी पडून आहे त्या घराला रोज ज्याची धास्ती असते, त्याविषयी आम्ही डॉक्टर फार बोलत नाही. खरे सांगायचे तर आम्हाला फारसे माहीत नसते. जे माहीत आहे त्यातले बरेचसे परिचारिकांनी शोधून काढलेले आहे. आज त्याविषयीच लिहायचे आहे.

आपल्या हाताचे नख दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून पाहा. पांढरे पडते. सोडले की पुन्हा गुलाबी. दाबल्यावर त्या जागच्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, एवढाच त्याचा अर्थ. १९३० साली युजीन लँडिस या संशोधकाने नखाच्या कडेच्या अशा केशवाहिनीत सूक्ष्म नळी घालून आतला दाब मोजला. रक्त शिरते त्या टोकाला तो पाऱ्याचे सुमारे ३२ मिलिमीटर भरला. आपला रक्तदाब १२० असतो, त्या मानाने हा फारच थोडा. कडक अंथरुणावर निजलेल्या माणसाच्या माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर याहून बराच जास्त दाब पडतो. मग आपल्याला रोज रात्री जखमा का होत नाहीत? कारण आपण झोपेतही सारखे हलत असतो. अंग अवघडते, मेंदूला तसे कळते आणि जाग न येता आपण कूस बदलतो. ज्याला कळत नाही, किंवा कळूनही हलता येत नाही, त्याच्या हाडाच्या आणि गादीच्या मध्ये सापडलेले मांस रक्तावाचून मरू लागते. यात घात असा की मांस आधी, हाडालगत मरते आणि कातडी शेवटी. वर रुपयाएवढा डाग दिसतो तेव्हा आत मूठ जाईल एवढी पोकळी झालेली असू शकते.

हे एकदा समजले की रिंगचे काय चुकते तेही उमगते. रिंग मधली जागा अधांतरी ठेवते खरी, पण शरीराचा भार तिच्या गोल कडेवर येतो. कडेखालच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि मधोमध अडकलेल्या भागात रक्ताची ये-जा आणखी मंदावते, तो सुजतो. पाण्याचा हातमोजा टाचेचा सगळा भार एका छोट्या फुग्यावर आणतो. चोळण्याने तर आधीच अर्धमेल्या झालेल्या मांसाच्या बारीक वाहिन्या फाटतात. अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने १९९२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत हाडावरची त्वचा चोळू नका आणि अशा रिंगा वापरू नका हे दोन्ही स्पष्ट लिहिले होते. स्पिरिटने त्वचा कोरडी पडून तडकते, हा वरचा आहेर.

हे सारे कळायला इतका वेळ का लागला, याची गोष्ट मला फार बोलकी वाटते.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ-मार्तँ शार्को हे मज्जाविकारांचे थोर वैद्य होते. त्यांचे मत असे की लकव्याच्या रोग्याला होणारी पाठीची जखम ही मज्जातंतूंच्या बिघाडातूनच येते. ती आली की रोगी जाणार हे ओळखावे. एवढ्या मोठ्या माणसाने सांगितल्यावर ते खरे धरले गेले. जखम अटळ असेल तर ती टाळण्याची धडपड कोण करणार? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे मत नेमके उलटे होते. पडून असलेल्या रोग्याला जखम झाली तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे त्या मानत. हे एकदा मान्य केले की सारी जबाबदारी परिचारिकेवर येते. पण काय केल्याने जखम टळते, हे मोजून पाहायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. तोवर प्रत्येक वॉर्डाची आपापली रीत होती. कुठे स्पिरिट, कुठे साबण, कुठे मलम, कुठे अंड्याचा पांढरा बलक लावून त्यावर प्राणवायूचा झोत. प्रत्येक मेट्रनला आपली रीत रामबाण वाटे.

डोरीन नॉर्टन ही ब्रिटिश परिचारिका हे मोजायला बसली. वृद्धांच्या रुग्णालयात, रोडा मॅकलारेन आणि डॉ. एक्स्टन-स्मिथ यांच्यासोबत. त्यांचा अहवाल १९६२ साली प्रसिद्ध झाला. जखमा कुणाला होतात हे ताडून पाहण्यासाठी नॉर्टनबाईंनी साधी गुणपत्रिका केली. शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा असे पाच विषय, प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण २०. १४ किंवा त्याहून कमी गुण पडले की रोगी धोक्यात. गुण जितके कमी तितक्या जखमा जास्त, असे दिसून आले. रक्ततपासणी नाही, यंत्र नाही. जी माहिती पलंगाशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला आधीच असते, तीच मांडली होती. आणि पाठीला काय फासता यापेक्षा रोग्याची कूस किती वेळा बदलता यावर सगळे अवलंबून आहे, हेही त्या कामातून पुढे आले. परिचारिकांच्या कामाचे परिचारिकेनेच असे शास्त्रशुद्ध मोजमाप करण्याच्या पहिल्या काही उदाहरणांत हे धरले जाते.

त्याच सुमारास, १९६१ साली, एक्स्टन-स्मिथ यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मला तो फार आवडतो. पन्नास वृद्ध रुग्णांच्या गाद्यांना एक उपकरण जोडून रात्रभरात ते आपणहून किती वेळा हलतात हे मोजले. जे रात्रीत पन्नासपेक्षा जास्त वेळा हलत त्यांतल्या एकालाही जखम झाली नाही. जे वीस किंवा त्याहून कमी वेळा हलत, त्यांतल्या बहुतेकांना झाली. कंपवाताच्या रोग्याची रात्रीची हालचाल किती मंदावते हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. स्वतःच्या आईच्या बाबतीत ते आणि हे एकत्र जोडून पाहिले नव्हते.

याहून जुनी एक टोचणी आहे. १९९४ साली मी एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनचा निवासी डॉक्टर होतो. अर्धांगवायूचा झटका आलेले साठीचे एक शेतकरी आमच्याकडे दाखल झाले. उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. आम्ही त्यांचा रक्तदाब सांभाळला, फुफ्फुसात कफ साठू दिला नाही, साखर काबूत आणली. मी दिवसातून दोनदा त्यांच्या डोळ्यांत विजेरी मारून पाहत होतो. पाठ पाहिली नाही. आठव्या-नवव्या दिवशी वास आला म्हणून वळवले, तर माकडहाडावर काळी खपली. मग स्पिरिट, मग रिंग, मग जखम वाळावी म्हणून शंभर वॉटचा दिवा. मेंदूचा झटका ओसरला, ते डाव्या हाताने खुणा करू लागले, आणि सहाव्या आठवड्यात त्या जखमेतून रक्तात विष भिनून गेले. त्यांचा मुलगा मला म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दुखणं तर मेंदूचं होतं ना? मग पाठीतून कसे गेले?” मृत्यूच्या दाखल्यावर मी झटका लिहिला, रक्तातला जंतुसंसर्ग लिहिला. पाठीची जखम लिहिली नाही. ती लिहायची असते हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नाही. नॉर्टनबाईंचा अहवाल तेव्हा बत्तीस वर्षांचा झाला होता.

दाखल्यावर जे लिहिले जात नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी गाद्याही येत नाहीत आणि माणसेही.

आता ‘दर दोन तासांनी कूस बदला’ या नियमाकडे वळू. तो बहुतेक घरांत पोचला आहे. या नियमाला जोर मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. मणक्याला इजा झालेले सैनिक तोवर लघवीच्या आणि पाठीच्या जखमांच्या संसर्गाने दगावत. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडविल येथे लुडविग गुटमान यांनी त्यांच्यासाठी खास विभाग सुरू केला आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवण्याचा दंडक घातला. माणसे जगू लागली. नियम रुजला. पण दोनच तास का? दीड का नाही, तीन का नाही? ज्या गोष्टीने गुण येतो तिची परीक्षा घ्यायला कुणी धजत नाही.

ही परीक्षा परिचारिकांनीच घेतली. नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांत ९४२ वृद्धांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली. कुणाला दर दोन तासांनी, कुणाला तीन, कुणाला चार तासांनी वळवले. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत मोठा फरक नव्हता, एकूण जखमा सुमारे दोन टक्के. बातमी म्हणून हे किती सोपे आहे: चार तासांनी वळवले तरी चालते!

इथेच सिस्टरने मला अडवले होते. आमच्या दोघांच्या गप्पांत हा विषय निघाला तेव्हा मी उत्साहाने म्हणालो की मग रात्री आपण चार तासांवर जाऊ. त्या म्हणाल्या, “त्यांची गादी वाचली का सर?” मी वाचली नव्हती. त्या अभ्यासातले सगळे वृद्ध दाट फोमच्या खास गाद्यांवर होते, जिच्यात अंग रुतते आणि भार पसरतो. आमच्या खाटांवर काथ्याची गादी आणि वरून रेक्झिन. त्यातल्या काही मधोमध अशा बसल्या आहेत की खालची पट्टी हाताला लागते. पुरावा गादीसकट वाचायचा असतो. तिकडच्या चार तासांचे आपल्याकडे किती होतात, हे आपल्याच गाद्यांवर मोजल्याशिवाय कळणार नाही. तोवर आमच्या वॉर्डात दोन तासच.

घरी कापसाची जुनी गादी असेल तर तिलाही हेच लागू. गाठी झालेल्या कापसाच्या गादीपेक्षा चांगल्या दाट फोमची गादी केव्हाही बरी. विजेवर फुगणाऱ्या हवेच्या गादीचे म्हणाल, तर तिच्याबद्दल आपल्याकडे अंमळ जास्तच श्रद्धा आहे. ब्रिटनमध्ये जेन निक्सन या परिचारिका-प्राध्यापिकेने २०२९ रुग्णांवर अशा गाद्यांची उत्तम फोमच्या गाद्यांशी तुलना केली. नव्या जखमा हवेच्या गादीवर ६.९ टक्के आणि फोमवर ८.९ टक्के रुग्णांना झाल्या. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे हवेची गादी वाईट नव्हे, पण ती आणली म्हणून वळवणे सोडले तर पैसेही गेले आणि पाठही. माझ्या घरी हेच होऊ घातले होते. पंपाचा घुर्र आवाज ऐकू आला की आम्हाला वाटायचे, चला, काम चालू आहे.

त्या रविवारी सिस्टरने आमच्या घरात काय काय बदलले, ते सांगतो. अनेकांना उपयोगी पडेल.

आईला कुशीवर करायचे म्हणजे आम्ही तिला पुरती आडवी, खुब्यावर उभी करत होतो. खुब्यावर मांस जवळजवळ नसते. सिस्टरने पाठीमागे घडी केलेली उशी सरकवून तिला नुसते तिरके टेकवले, साधारण तीस अंशांत. त्यामुळे भार नितंबाच्या मांसल भागावर येतो आणि माकडहाड व खुबा दोन्ही मोकळे राहतात. आयर्लंडमध्ये झीना मूर या परिचारिकेने ही पद्धत २१३ वृद्धांवर तपासली होती. रात्री दर तीन तासांनी असे तिरके टेकवलेल्या गटात ३ टक्के लोकांना जखमा झाल्या, आणि सहा तासांनी पूर्ण कुशीवर वळवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ११ टक्के. यात खर्च एका उशीचा. शिवाय तिरके टेकवणे एकट्या माणसाला जमते, हे आमच्या बाईंना सगळ्यात पटले.

टाचांखाली काहीच ठेवायचे नाही. पोटऱ्यांखाली लांब उशी घालायची म्हणजे टाचा हवेत राहतात. पलंगाचे डोके उंच करून आई दिवसभर टेकून बसायची; ते जेवणापुरते आणि जेवणानंतर तासभर ठेवायचे, मग उतरवायचे. कारण उंच टेकवलेले माणूस हळूहळू खाली घसरते, तेव्हा कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड पुढे जाते. आतल्या वाहिन्या ताणल्या जाऊन पिळवटतात. वर सरकवताना ओढायचे नाही. खाली दुहेरी चादर घालून दोघांनी उचलायचे. लघवी झाली की लगेच पुसून कोरडे करायचे, ओल्या कपड्यात तासभरही ठेवायचे नाही. आहारात डाळ, दूध, चालत असेल तर अंडे वाढवायचे. आणि प्रत्येक वेळी वळवताना हात फिरवून पाहायचे. एखादी जागा गरम, गार, टणक किंवा पिचपिचीत लागली, किंवा दाबल्यावर न जाणारा डाग दिसला, तर पुढचे काही दिवस त्या जागेवर भारच येऊ द्यायचा नाही.

यात एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती. आई डाव्या कुशीवर राहायला कुरकुर करायची. आम्ही तिला समजावत होतो, क्वचित ओरडतही होतो. सिस्टरने खोलीकडे पाहिले. उजव्या कुशीवर आईला खिडकी दिसायची, डाव्या कुशीवर भिंत. त्यांनी पलंग भिंतीपासून ओढून मधोमध आणायला लावला आणि मधले दार उघडे टाकले. आता त्या बाजूला पलीकडचे देवघर दिसू लागले. कुरकुर थांबली. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ ऐकण्याची इच्छा, असा आहे. आम्ही डॉक्टर पुराव्याधारित उपचार म्हणतो तेव्हा बहुतेकदा आकडेच डोळ्यांसमोर असतात. पण त्या व्याख्येत तीन गोष्टी येतात: संशोधन, करणाऱ्याचा अनुभव आणि रुग्णाला काय हवे आहे ते. तिसरी गोष्ट मी माझ्या आईला विचारली नव्हती.

नंतर मी सिस्टरना विचारले की हे सगळे कुठे वाचलेत. त्या जरा संकोचल्या. नोकरी करता करता त्यांनी नर्सिंगची एम.एस्सी. केली होती, आणि शय्याव्रण हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. आमच्याच वॉर्डात, माझ्या नाकासमोर, त्यांनी महिनोन् महिने नोंदी केल्या होत्या. एका प्रतीवर परवानगीची सही माझीच होती. मी ती न वाचता केली असणार.

तो प्रबंध मी मागून घेऊन वाचला. पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता त्यात होता: डावी, पाठ, उजवी आणि पुढे वेळ. असे तक्ते पुष्कळ रुग्णालयांत असतात आणि त्यांत चोवीस तासांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच हाताने, एका दमात केलेल्या असतात. तपासणीला कुणी आले की असा तक्ता छान दिसतो. सिस्टरने आपल्या सहकाऱ्यांना एकच सांगितले होते: वळवले नसेल तर रकाना रिकामा ठेवा, कुणी रागावणार नाही. त्यामुळे त्यांच्या तक्त्यांत रिकामे रकाने होते, आणि ते सगळे रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात दाटले होते. दिवसा सिस्टर, मावशी, मामा, विद्यार्थिनी, नातेवाईक असतात. रात्री चाळीस-पंचेचाळीस रुग्णांमागे एक सिस्टर आणि एक मावशी. त्यातच एखादा रुग्ण अत्यवस्थ झाला की उरलेली रात्र त्याच्यापाशी जाते.

हा आकडा आळसाचा नाही. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून लिंडा एकन या परिचारिका-संशोधिकेने २००२ साली दाखवले की एका परिचारिकेकडे शस्त्रक्रियेचा एकेक रुग्ण वाढत जातो, तसा रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावण्याचा संभव प्रत्येकी सात टक्क्यांनी वाढतो. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांत चार लाखांहून अधिक रुग्णांवर तसाच अभ्यास झाला आणि पुन्हा आकडा सातच आला. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. आमच्या रात्रीचे गणित वर सांगितलेच.

सिस्टरने त्या रिकाम्या रकान्यांवर आपल्या परीने उपाय काढला. रात्रीच्या नातेवाइकांना संध्याकाळी एकत्र बसवून तिरके टेकवायला शिकवायचे, उशी नसेल तर घोंगडीची वळकटी, आणि ज्यांचे नॉर्टन गुण १४ किंवा त्याखाली त्यांच्या खाटा सिस्टरच्या टेबलाजवळ घ्यायच्या. खाटा हलवलेल्या मी पाहिल्या होत्या. झाडलोटीच्या सोयीसाठी असतील, असे मला वाटले होते.

आई पुढे चौदा महिने होती. माकडहाडाची ती जागा दहा-बारा दिवसांत पूर्ववत झाली. नंतर छातीच्या संसर्गाने ती गेली. तिला शेवटची आंघोळ घालून मावशी बाहेर आली आणि म्हणाली, “इतके दिवस पडून होती, पण पाठीला कुठे ओरखडा नाही रे.” सिस्टर तेव्हा दारातच उभ्या होत्या.

गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडे नवा अर्ज आणला. आमच्याच काथ्याच्या गाद्यांवर, रात्री तिरके टेकवून दोनऐवजी तीन तास चालतात का, हे त्यांना तपासायचे आहे. तीन तास चालत असतील तर रात्रीच्या एकट्या सिस्टरच्या फेऱ्या कमी होतील आणि रुग्णांनाही थोडी सलग झोप मिळेल. चालत नसतील तर फोमच्या गाद्या मागायला हातात कागद येईल. जखमेची पहिली खूण दिसली की त्या रुग्णाला लगेच पुन्हा दोन तासांवर आणायचे, हेही त्यात लिहिले आहे. या वेळी मी सगळी पाने वाचली, दोन ठिकाणी शंका काढल्या. त्यातली एक सिस्टरने मान्य केली, दुसरी केली नाही. अर्ज आता एथिक्स कमिटीपुढे आहे.